बुडाशी तीन बोटं

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो.
चहा काचेच्या पेल्यातच घ्यावा लागेल.
या घरात जुनी हिरवी भांडी आहेत सहाशे बारा,
पण ज्यात चहा राहील असं एकही नाही.

तुम्ही थेट शांघायहून आलात, म्हणजे फोनवर
सुनेनं नीट सांगितलेलं दिसत नाही.
अख्खं काहीच नाही हो इथं.
शू बोछ्वान एकतीस वर्षं बस चालवायचा,
लोंगछ्वान ते शाओमेई, दिवसाला चार खेपा,
आणि रस्ता रुंद करताना ज्या वळणावर
जुन्या भट्टीचा कचरा उघडा पडला होता
तिथं इंजिन तापलं म्हणून थांबायचा.
इंजिन कधीच तापलेलं नसायचं.
प्रवाशांना ठाऊक होतं. टोपलीतल्या कोंबड्यांनाही.

बांबूचे कोंब खणणाऱ्या बायका
कुदळीला लागलेला तुकडा पदरचा असल्यासारखा द्यायच्या,
हा त्यांचं तिकीट फाडायचा नाही.
महिनाअखेरीस हिशेब तुटायचा
आणि त्याचं खापर फुटायचं
माझ्या तेलामिठावर.

हा बघा. दिव्याखाली नको, दिवा खोटं बोलतो.
ढगाळ सकाळ हवी, उत्तरेची खिडकी.
आधी नुसता करडा दिसेल. थांबा.
मग ज्या आलुबुखाराला अजून आंबटपणाही आलेला नाही
त्याचा हिरवा,
आणि त्याच्याही खाली, झिलईत अडकलेले बुडबुडे,
मासा श्वास सोडून केव्हाच निघून गेल्यासारखे.
एवढं दिसायला मला सतरा वर्षं लागली.
तोवर मी फक्त धूळ पुसत होते.

तुमचा वाडगा? काढा की.
छान आहे. फारच छान आहे.
शू असता तर त्यानं आधी पालथा घातला असता.
लोक चेहरा बघतात, म्हणायचा, मी तळपाय बघतो.
याचं बूड लाल आहे खरं, पण सगळीकडं सारखंच लाल,
लिपस्टिक लावावी तसं.
जळलेली माती अशी लाजत नाही.
केवढ्याला घेतलात? नको, नका सांगू.
चहा निवतोय.

बिस्किटाच्या डब्यातला तो मात्र विकायचा नाही.
बघा, हात लावून बघा.
झिलईत बुडवताना वाडगा बुडाशी धरतात.
जिथं बोटं, तिथं झिलई चढत नाही.
हे तीन डाग: हा अंगठा, ही दोन बोटं.
शूची बसली नाहीत त्यात.
माझी शिवणयंत्रानं जाड केलेली, ती कुठली बसायला.
नऊ-दहा वर्षांचं पोर असणार,
पहाटे उठवून घंगाळापुढं उभं केलेलं,
नाक वाहत असेल, पुसायला हात मोकळा नसेल.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात
तो हाच डबा मागायचा.
डागांवर बोट ठेवायचा नाही,
कडेकडेनं अंगठा फिरवायचा, दाराशी कुणी झोपलंय
आणि आपल्याला आत जायचंय, तसा.
एकदा म्हणाला, "भट्टीत तडकला असेल गं,
आणि खापर फुटलं असेल त्या पोराच्या डोक्यावर."
सहाशे बारा तुकड्यांत
त्याच्या डोळ्यांत पाणी मी त्या एकदाच पाहिलं.
डॉक्टरला वाटलं, दुखतंय.

शेजारी नवं कुटुंब आलंय. त्यांची मुलगी नऊ वर्षांची,
जिन्यात दोरीवरच्या उड्या मारते.
तिची बोटं मी पाहिली आहेत.
अजून बोलावलेलं नाही.
बोलावीन की नाही, माहीत नाही.
एखादी जागा रिकामीच
बरी भरलेली असते.

तुमचा वाडगा नीट गुंडाळून न्या हं,
खोटा असला तरी फुटतो खराच.
आणि अजून एक पेला घ्या. काच आहे, पोळेल.
बुडाशी धरू नका.
कडेला धरा.